तुफान तीनशेची मूठ

गेवराईच्या बायपासला, डिझेल पंपाच्या अलीकडं, त्रिंबकचं तोंड दहा फूट उंच लावलं होतं. डोक्याला गुलाबी फेटा, हातात नवाकोरा कोयता आणि मिशीखाली असं हसू, की समोरचा सगळा ऊस आपणहून आडवा पडलाय. वर तांबड्या अक्षरांत लिहिलेलं, 'तुफान ३००. दीडपट ऊस, निम्मा थकवा.' आणि खाली, 'ओल्या हातातही न सुटणारी पकड. – त्रिंबक, उमापूर. एकतीस हंगामांचा अनुभव.' पहिले आठ दिवस त्रिंबक काही ना काही निमित्त काढून गेवराईला जायचा. कधी खताची चौकशी, कधी तुटलेला चपलेचा अंगठा. नवव्या दिवसापासून मात्र जीप त्या वळणाला आली की तो खाली वाकून चप्पल चाचपायला लागे, आणि पंप मागं पडेपर्यंत ती चप्पल काही त्याला सापडत नसे.

माणूस वाईट नव्हता. खोटं बोलायची सवय नव्हती, कारण खोटं बोलायला आधी कुणीतरी काही विचारावं लागतं, आणि त्रिंबकला एकतीस वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा ऊसतोडीला गेला आणि तेव्हापासून दर वर्षीचे सहा महिने वाकूनच काढले. पण कोयता असा चालवायचा की बघत राहावं. डाव्या हातानं ऊस धरला न धरला तोच उजवा हात बुडाशी जाऊन आलेला असायचा. मागं मोळ्या बांधणाऱ्या वत्सलाबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची, दमछाक व्हायची. टोळीत म्हण पडली होती, त्रिंबकच्या मागं बांधायचं म्हणजे पळत्याच्या मागं पळायचं. एवढं कौतुक झालं, पण ते फडातलं फडातच राहिलं. कारखान्यावर तो टोळीतला एक कोयता होता, नाव-गाव कशाला लागतंय. त्याचा फोटो म्हणाल तर एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात तो नुकताच चोरीत सापडल्यासारखा दिसत होता.

अशा माणसाच्या दारात श्रावणात एक गाडी आली. तिच्यातून टोळीचे मुकादम सुंदरराव उतरले, आणि त्यांच्यामागं इस्त्रीच्या शर्टातला युवराज नावाचा पोरगा. हा पुण्याकडच्या एका कंपनीचा माणूस. ती कंपनी म्हणे परदेशात पाठवायला गोल्फच्या काठ्यांच्या मुठी बनवायची. गोल्फ म्हणजे काय ते उमापुरात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, म्हणून युवराजनं मोबाईलवर दाखवलं. हिरव्यागार माळावर एक गोरा माणूस काठी घुमवून पांढरा चेंडू मारतोय आणि चेंडू पार दिसेनासा होतोय. तीनशे यार्ड, युवराज म्हणाला, आणि ही सगळी करामत मुठीची. तीच मूठ आता आम्ही कोयत्याला बसवलीय. म्हणून नाव तुफान तीनशे.

त्रिंबकनं चित्र नीट बघून घेतलं. हा गडी दिवसाला असे किती टोले मारतो, असं त्यानं विचारलं. सत्तर-ऐंशी, युवराज म्हणाला. त्रिंबक मिशीत हसला. तेवढे तर आमचे पहिल्या तंबाखूच्या आत होतात. मग त्यानं आणखी एक विचारलं, की ह्याच्या एका हातात मोजा कावून हाय? पकड घट्ट राहावी म्हणून, युवराज बोलून गेला आणि मोबाईल खिशात घातला. एवढी चांगली मूठ, तर तिला मोजा लागतोच कशाला, हे त्रिंबकच्या मनात तिथंच आलं होतं. मनात आलेलं ओठावर आलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

परीक्षा सुंदररावांच्याच उसात झाली. बेण्यासाठी तोडायचा ऊस होता. नव्या कोयत्यानं एक तास आणि जुन्यानं एक तास, असा घड्याळ लावून मुकाबला. आता नवा कोयता सकाळच्या थंडाव्यात आणि उभ्या सरळ उसात, आणि जुना दुपारच्या उन्हात, वाऱ्यानं लोळलेल्या उसात, असं कसं झालं ते विचारू नका. युवराज म्हणाला की उजेड तसा होता. नव्यानं अकरा मोळ्यांचा ऊस पडला, जुन्यानं सात. झालं की दीडपट.

पण त्या अकरा मोळ्यांत एक भानगड होती. पहाटेच्या दवानं आणि उसाच्या रसानं ती रबरी मूठ साबणासारखी व्हायची. जुन्या कोयत्याची बाभळीची मूठ घाम पिते, ही पीत नव्हती. दोनदा कोयता हातात फिरला. तिसऱ्यांदा फिरला तेव्हा पातं उसावरून घसरून डाव्या पायाकडं आलं आणि पायजम्याची पट्टी घेऊन गेलं. नडगीवर नुसता ओरखडा उठला. त्यानं खांद्यावरचा रुमाल फाडून मुठीला गुंडाळला आणि पुढं तोडायला लागला. रबरावर चिंधीसुद्धा टिकेना. तासाभरात त्यानं ती चार वेळा सोडून बांधली. मोळ्या अकरा झाल्या त्या मुठीमुळं नव्हे, मुठीला न जुमानणाऱ्या हातामुळं.

नंतर फोटो काढायची वेळ आली तेव्हा युवराज म्हणाला, काका, तेवढी चिंधी काढा, मूठ दिसत नाही. त्रिंबकनं काढली. मग फेटा आला, पावडर लावायला एक पोरगी आली, तोंडासमोर पांढरी छत्री धरली. आणि त्याला एक वाक्य शिकवलं, ओल्या हातातही न सुटणारी पकड. 'न सुटणारी' म्हणताना त्याची जीभ अडखळायची, म्हणून तेरा वेळा म्हणवून घेतलं. तेराव्या वेळेला ते इतकं झकास आलं की सुंदररावांनी टाळ्या वाजवल्या. सगळे आपल्याकडंच बघतायत आणि आपण चुकलो तरी कुणी रागवत नाही, असं त्रिंबकच्या आयुष्यात आजवर झालं नव्हतं. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला तो चढलाच.

भाद्रपदात बोर्ड लागला. आणि पितृपक्ष संपता संपता सुंदररावांनी टोळीसाठी छत्तीस तुफान आणले. टोळीत अठरा जोड्या, त्रिंबक-वत्सलाबाई धरून, आणि प्रत्येकाला एक. कंपनीनं स्वस्तात दिले होते, त्या बदल्यात सुंदररावांच्या ट्रकला 'तुफान टोळी' असा फलक लागणार होता. त्याच संध्याकाळी त्रिंबकची सून मनिषा अंगणात आली. मागच्याच वर्षी लग्न होऊन आलेली, एकच हंगाम केलेला, तळहाताचे फोड अजून पुरते बुजले नव्हते. पोरगी हसतमुख होती. तिनं खोक्यातून कोयता काढला, खोक्यावरचा सासऱ्याचा फोटो कात्रीनं कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला आणि म्हणाली, "मामा, म्या तुमच्या नावाचा कोयता घेतलाय. औंदा बघा मी तुमच्या बरोबरीनं तोडते का न्हाई."

त्रिंबकनं मान डोलवली आणि हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्याला पाणी पिववेना.

तेव्हापासून त्याची झोप गेली नाही, भूक गेली. ताटावर बसलं की त्याला फड दिसायचा. पहाटेची वेळ, पाचट दवानं चिंब, मनिषा वाकलेली, डाव्या हातात ऊस, आणि उजव्या हातात ती गुळगुळीत मूठ. नडगीचा ओरखडा कधीच बरा झाला होता, पण बसल्याजागी त्याचा हात तिथं जायचा. वत्सलाबाईनं दोन दिवस बघितलं आणि मग विचारलं, अवो, पायाला काय चावलंय का. त्यानं डास म्हणून सांगितलं.

बोलायचं तर लवकर बोलायला हवं होतं, कारण खंडेनवमी सहा दिवसांवर आली होती. ह्या टोळीत एक रीत आहे. खंडेनवमीला मुकादमाच्या अंगणात सगळे कोयते ओळीनं मांडतात आणि पूजा करतात. ज्या कोयत्याला त्या दिवशी हळदकुंकू लागलं तोच हंगामभर हातात धरायचा. मोडला तर सांधायचा, धार गेली तर लावायची, पण बदलायचा नाही. पुजलेलं हत्यार टाकून दुसरं धरलं की पहिलं रुसतं आणि रक्त घेतं, असं जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण कुणी ते करून बघायला तयार नसतं. म्हणजे एकदा का ते छत्तीस तुफान पाटावर बसले, की त्यांना खाली उतरवायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नव्हता.

त्रिंबकनं आधी पळवाटा शोधल्या. कबूल करण्यापेक्षा माणूस शंभर पळवाटा आधी बघतो. त्यानं पोराला, सोमेश्वरला, सहज म्हणावं तसं सांगितलं की नव्या मुठीला चिंधी बांधलेली बरी. सोमेश्वर हसला आणि म्हणाला की आबा, तुम्हीच तर बोर्डावर म्हणता सुटत नाही म्हणून. मग तो म्हाळू लोहाराकडं गेला. म्हाळू रिकाम्या भात्यापुढं बसून बिडी ओढत होता. दर साली ह्या दिवसांत त्याच्या दारात रांग असते. त्रिंबकनं तुफान पुढं केला आणि ह्याला बाभळीची मूठ बसंल का विचारलं. म्हाळूनं कोयता उलटापालटा करून बघितला. मुठीच्या आत पोलादी नळी होती, ती पात्याला कायमची जोडलेली, काढायला जागाच नाही. त्यानं तो परत दिला आणि म्हणाला, "न्हाई बसत. तुझ्या एका वाक्यानं माझा भाता इझला, त्रिंबक, आन आता तूच मूठ बदलाय आलास व्हय." त्रिंबकनं तुफान पिशवीत घातला. तो खाली मान घालून निघाला.

शेवटी त्यानं युवराजला फोन लावला. युवराज अगदी आदबीनं बोलला. काका, काळजी करू नका, आमच्याकडं यंत्राच्या हातात कोयता देऊन दहा हजार वेळा मारून बघितलाय, एकदाही सुटला नाही. त्रिंबकनं विचारलं की यंत्राच्या हाताला घाम येतो का, आणि तुमच्या त्या खोलीत दव पडतं का. मग युवराज म्हणाला, काका, वाक्य तर तुम्हीच म्हणालात ना, आमच्याकडं रेकॉर्ड आहे. एवढं बोलून त्यानं दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

घरात माणूस जेवत नाही म्हटल्यावर वत्सलाबाईनं आपला उपाय काढला. त्याला घेऊन ती नारायणगडाला गेली. दर्शन झालं, त्रिंबकनं डोकं टेकलं, पण मागायचं काय तेच कळेना. तूच सांग सगळ्यांना, असं देवाला म्हणता येत नाही. गडावरून खाली उतरताना दुकानांच्या ओळीत एका टपरीवर तुफानची खोकी रचलेली होती, आणि प्रत्येक खोक्यावर तो फेटा, ती मिशी. त्रिंबक घाईनं पुढं निघाला तोच मागून कुणीतरी हाक मारली. साठीची बाई होती, नऊवारी, कपाळाला बुक्का. ती त्याच्याकडं आणि हातातल्या खोक्याकडं आळीपाळीनं बघत राहिली.

"तुमीच ना हे?" ती म्हणाली. "मी बायनाबाई, मादळमोहीची. माझ्या लेकीचा, करिष्माचा, पयलाच हंगाम हाय. लई भ्या वाटत व्हतं, पोर कधी कोयता धरलेली न्हाई. तुमचं तोंड बगितलं आन घेतला. कंपनीवाल्याचं ऐकलं नसतं म्या. पर तोडणारा माणूस तोडणाऱ्याला फसवत न्हाई."

वत्सलाबाईला कोण आनंद झाला. नवऱ्याला वाटेत कुणी ओळखायची ही पहिलीच वेळ. तिनं बायनाबाईला कुंकू लावलं, त्यांची टोळी कधी निघणार ते विचारलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बायनाबाई म्हणाली, कर्नाटकातला कारखाना आहे, लवकर बोलावलंय. त्रिंबक तोवर खांबाला टेकून उभा होता. त्याला भीती वाटली. आजवर त्याला वाटत होतं की आपलं खोटं उमापूरपुरतं आहे, कसंही करून आवरता येईल. आता कळलं की ते जिल्हाभर हिंडतंय आणि त्याला चेहरा आपलाच आहे. परतीच्या वाटेवर त्यानं ठरवलं की उद्या सांगायचं. दुसऱ्या दिवशी ठरवलं की उद्या सांगायचं. असं करता करता खंडेनवमी उजाडली.

सुंदररावांचं अंगण सारवून रांगोळी घातली होती. घोंगडी अंथरली होती, चारी कोपऱ्यांना ऊस उभे केले होते, झेंडूची तोरणं होती, नैवेद्याला गुळाचं पाणी आणि पुरण. जोड्या येत होत्या, कोयते ठेवून हात जोडत होत्या. काळ्या रबरी मुठी एका रांगेत अशा चकचकत होत्या की सुंदररावांनी मोबाईल काढून कंपनीला पाठवायला फोटो घेतला. नारळ फोडायचा मान यंदा त्रिंबकचा. त्यानं पिशवीत हात घातला आणि आपला कोयता काढून घोंगडीवर ठेवला.

तो जुना होता. बाभळीच्या मुठीचा, घामानं काळा पडलेला.

मुद्दाम केलं का नकळत, हे त्यालाही सांगता आलं नसतं. सकाळी घरात त्याचे दोन कोयते होते आणि हात ज्याच्यावर गेला तो पिशवीत आला. सुंदरराव हसले, अरे नवरदेवच घोड्याशिवाय आला की, म्हणाले, जा पळ, तुफान घेऊन ये. माणसंही हसली. हसली नाही ती एकटी मनिषा. ती त्या जुन्या मुठीकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमगत गेलं. सुनेनं चारचौघांत सासऱ्याला जाब विचारायचा नसतो, पदर सावरून मागं उभं राहायचं असतं. ती पुढं आली.

"मामा, तुमचा तुफान कुठाय?"

"घरी हाय."

"कावून?"

त्रिंबकचा हात नडगीकडं गेला.

"तुमी तुमच्या पायाचा इचार केला," मनिषा म्हणाली. "माझ्या पायाचा कुनी करायचा, मामा?"

आणि त्रिंबकला एकदम कळलं की हे खरं आहे. इतके दिवस आपण सगळ्यांची काळजी करतोय असं तो समजत होता. जेवण टाकलं, देवाला गेला, लोहाराच्या पायऱ्या झिजवल्या. पण वेळ आली तेव्हा हातानं फक्त स्वतःची नडगी वाचवली होती. असली लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. मग त्यानं सगळं सांगितलं. चिंधी, सकाळचा ऊस, दुपारचा ऊस, पायजम्याची पट्टी, तेरा वेळा म्हटलेलं वाक्य. सांगताना कुठं थांबला नाही.

आता गंमत बघा. कुणाचा विश्वास बसेना. दहा फुटी त्रिंबकवर सगळ्या तालुक्याचा विश्वास बसला होता आणि साडेपाच फुटीवर त्याच्या टोळीचा बसेना. एक जण म्हणाला की म्हाळूनं ह्याला फितवलं. दुसरा म्हणाला की त्रिंबकचं वय झालं, हाताला कंप आहे, म्हणून सुटला असेल. सुंदरराव तर लालबुंद झाले. फलक रंगवून झाला होता, शब्द गेला होता. ते म्हणाले, अरे छापलेलं खोटं कसं असंल.

त्रिंबकनं ओळीतला मनिषाचाच तुफान उचलला. नैवेद्याच्या गुळाच्या पाण्यात हात मनगटापर्यंत बुडवला आणि कोपऱ्यातल्या उसापुढं वाकला. सगळ्या टोळीनं हजार वेळा बघितलेला तोच हात, तोच झोक. चौथ्या घावाला मूठ फिरली. पातं उसाच्या बुडाशी चपटं आपटलं, घसरलं आणि त्रिंबकच्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर सारवलेल्या जमिनीत घुसलं. वत्सलाबाईनं तोंडावर पदर घेतला. कोयता तसाच रुतून उभा होता आणि कुणी तो उपटायला पुढं होईना.

शेवटी सुंदररावांनीच तो उपटला. मग म्हणाले की पूजा दुपारी होईल, ज्याचा जो जुना असेल तो घेऊन या, नसेल त्यानं म्हाळूकडं जावं. आणि त्रिंबकजवळ येऊन हळूच बोलले, "टोळीत तू हायसच. पर हंगाम सरूस्तोवर माझ्याशी बोलू नको." हा माणूस रागाचा असला तरी न्यायाचा होता. त्यांनी त्रिंबकच्या घरचाही मागवून छत्तीसचे छत्तीस पोत्यात घालून माळ्यावर टाकले.

दुपारी पूजा झाली. म्हाळूच्या दारात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घणाचा आवाज होता. एवढं झाल्यावर त्रिंबकला हलकं वाटायला हवं होतं, पण घरात मनिषा बोलत नव्हती. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, सगळं रीतीप्रमाणं. फक्त 'मामा' म्हणायची नाही. देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेला फोटो तिनं ओढून काढला होता, भिंतीचा थोडा रंगही त्याबरोबर निघाला होता. दसऱ्याला तिनं वत्सलाबाईला सोनं दिलं, सोमेश्वरला दिलं, आणि त्रिंबकसमोर आपट्याचं पान ताटात ठेवून आत निघून गेली. त्रिंबकनं ते पान उचलून खिशात ठेवलं.

त्या दिवशी सगळं गाव सीमोल्लंघनाला गेलेलं असताना त्याच्या डोक्यात एकच होतं. मादळमोहीची टोळी उद्या निघणार. तिथं एक पोर आहे, तिनं कधी कोयता धरला नाही, आणि तिच्या आईनं आपलं तोंड बघून तो घेतलाय. उमापूरच्या माणसांना निदान आपला हात माहीत होता. त्या पोरीला काय माहीत.

पहाटे पहिल्या जीपनं तो निघाला. गेवराईला उतरून दुसरी पकडली. वाटेत दोनदा त्याला वाटलं की उशीर झाला, ट्रक गेला असणार, आणि दोन्ही वेळा त्याला मनातून किंचित बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याची किळस आली. मादळमोहीच्या फाट्याला ट्रक उभा होता. भांडीकुंडी, कोंबड्या, सरपण, पोरंबाळं सगळं भरून झालं होतं. टपावर बाया बसल्या होत्या. त्रिंबक खाली उभा राहिला आणि त्यानं बायनाबाईचं नाव घेऊन हाक मारली.

पण आधी दुसऱ्यांनीच ओळखलं. ह्यो तर बोर्डावरचा, एक जण म्हणाला, आणि दोघा-तिघांनी हौसेनं आपापले तुफान वर करून दाखवले. हे बघा, तुमचाच हाय. त्रिंबकनं हात हलवून नको नको केलं, तर त्यांना वाटलं लाजतोय. तेवढ्यात बायनाबाई मागच्या फाळक्याशी आली. तिच्या मागं एक सतराअठरा वर्षांची हिरव्या बांगड्यांची पोरगी होती, ती करिष्मा असणार.

त्रिंबकनं सगळं सांगितलं. ह्या वेळी वर बघून सांगावं लागत होतं, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हणून थोडक्यात सांगितलं. ओल्या हातात सुटतो, बाई. माझ्या पायावर आलता. म्या खोटं बोललो. पोरीला देऊ नका. ट्रकातली माणसं हसायची थांबली. बायनाबाईनं पिशवीतून ते खोकं काढलं, फोटोकडं बघितलं, मग खाली उभ्या असलेल्या माणसाकडं बघितलं. फेटा नाही, पावडर नाही, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले.

"मग तवा तसं म्हणलात कावून?" तिनं विचारलं.

येताना जीपमध्ये त्यानं ह्या प्रश्नाची उत्तरं जुळवून ठेवली होती. कंपनीनं म्हणायला लावलं. मुकादमानं भरीला घातलं. शिकलेल्या माणसापुढं आपलं काय चालतंय. सगळी थोडीथोडी खरी होती. पण त्या पोरीकडं बघून त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"फोटो लई चांगला आलता, बाई," त्रिंबक म्हणाला. "जन्मात पयल्यांदा."

बायनाबाईनं फाळक्यावरून वाकून ते खोकं त्रिंबकच्या हातात दिलं आणि वळून लेकीला म्हणाली, "करिष्मा, उतर खाली. घरला जा आन माझा जुना कोयता घिऊन ये. टरक थांबंल." पोरगी उतरून गावाकडं पळत सुटली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि टपावर बसलेल्या बाया एकेक करून आपापल्या पिशव्या उघडून तुफान बाहेर काढायला लागल्या.